पाण्यावरची रेघ

मालवणच्या धक्क्यावरून होडीत बसून सिंधुदुर्ग किल्ला पाहायला निघालेल्या मंडळींपैकी बहुतेकांना ठाऊक नसते, की आपण एका अभयारण्यातून चाललो आहोत. अभयारण्य म्हटले की डोळ्यांपुढे साग, वाघ आणि खाकी गणवेशातला रक्षक! येथे झाड नाही, कुंपण नाही. आहे तो निव्वळ दर्या. १३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. पैकी किल्ला, पद्मगड व भोवतालचे खडक मिळून ३.१८ चौरस किलोमीटर हा त्याचा गाभा. प्रवाळ आणि त्याच्या आश्रयाने वाढणारी मत्स्यसृष्टी राखावी, हा हेतू. त्याला नावे कोण ठेवील?

विरोध झाला तो गाबित बांधवांचा, आणि त्याचे कारण रापण. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो: दोराचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी जाळे टाकीत अर्धवर्तुळ घेते; मग दोन्ही टोके धरून घरोघरची माणसे ते ओढतात आणि मासळीचे वाटे होतात. एकट्यादुकट्याचे हे काम नव्हे. मासेमारीवर बंदी आली, तर एक घर नव्हे, अख्खा वाडाच बसेल, ही धास्ती. ओळखीचे एक वृद्ध रापणकर मला म्हणाले, "सर, पाण्यार मारलेली रेघ माशाक दिसता काय?"

१९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा झाला. आता प्रवाळ पाहायला पाहुणे नळ्या लावून बुड्या मारतात. त्यांच्या होडीचा नांगर प्रवाळावर पडला तरी ती हौस. रापणकराचे जाळे मात्र संशयित! अर्थात त्या होडीवरचा तरुण पुष्कळदा रापणकराचाच मुलगा असतो, आणि मे महिन्यात पाहुण्यांचा पैसा घरात येतो, हेही खरेच.

कॅनडाच्या अतिउत्तरेला नुनावुत प्रदेशात हिमनद्या पाहायला प्रवासी जातात. तेथे १९९३ च्या कराराने ठरले, की इनुइट लोकांशी लाभ व कारभार यांबाबत ठराव झाल्याखेरीज राष्ट्रीय उद्यान करायचे नाही. सिर्मिलिक उद्यानासाठी तसा ठराव १९९९ साली झाला. उद्यानात इनुइटांचा शिकारीचा व मासेमारीचा हक्क राहिला, आणि कारभाराच्या समितीत त्यांची माणसे बसली. आपल्या वन्यजीव कायद्यातही १९९१ च्या दुरुस्तीने सागरी अभयारण्य करताना स्थानिक मच्छिमारांच्या व्यवसायाचे हित जपण्याची अट आली; पण मालवणची घोषणा त्याआधी चार वर्षांची!

हे मी त्या रापणकरांना सांगितले. त्यांनी विडी विझवली.

"थंय रापण ओढतत?"

"नाही. बर्फ असते. सील मारतात."

"असूंदे. पण आधी त्येंका इचारल्यानी, म्हणा!"