लघवीतील जंतूंचा शोध : बाटलीपासून रिपोर्टपर्यंत

लघवीला जळजळ होणे, वारंवार जावे लागणे, ओटीपोटात दुखणे, कधी थंडी वाजून ताप येणे या तक्रारी स्त्रियांत अधिक आढळतात, कारण त्यांचा मूत्रमार्ग आखूड असतो. त्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कापूस वेचायला गेलेल्या बाया शेतात आडोसा नाही म्हणून पाणीच कमी पितात आणि लघवी धरून ठेवतात. मग डॉक्टर 'लघवीचे कल्चर करून आणा' म्हणून चिठ्ठी देतात. कल्चर म्हणजे नेमके काय, हे समाजबांधवांना व विद्यार्थ्यांना कळावे म्हणून हा लेख.

साध्या तपासणीत सूक्ष्मदर्शकाखाली पू-पेशी दिसतात. पण जंतू कोणता आणि तो कोणत्या औषधाने मरेल, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी जंतू वाढवावाच लागतो. तारेच्या ठरावीक मापाच्या कडीने एका मिलिलिटरचा हजारावा भाग लघवी उचलून ती बशीतल्या आगरवर पसरतात. आगर हा समुद्री शेवाळापासून केलेला, खरवसासारखा घट्ट थर. बशी ३७ अंश सेल्सिअस उष्णतेत रात्रभर ठेवली की जिवंत जंतूंच्या जागी ठिपके उमटतात. असे शंभर ठिपके म्हणजे मिलिलिटरमागे एक लाख जंतू. एडवर्ड कास यांनी १९५६ साली मांडलेली ही लाखाची मर्यादा आजही वापरात आहे. तरी ती काळ्या दगडावरची रेघ नव्हे. त्रास असलेल्या स्त्रीत कमी जंतूही खरे असू शकतात.

बहुतेक वेळा सापडतो तो ई. कोलाय, आपल्याच आतड्यातला रहिवासी. मग दुसऱ्या बशीवर औषधे भिजवलेल्या कागदी चकत्या ठेवतात. चकतीभोवती पुरेसे मोठे मोकळे वर्तुळ दिसले तर ते औषध लागू. म्हणून रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. त्यात प्रयोगशाळेची टाळाटाळ नसते.

खरी गडबड होते ती बाटलीत. अनुकूल उष्णतेत ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. म्हणजे हजाराचे लाख व्हायला अडीच तासही लागत नाहीत. मे महिन्यात उमरखेडहून एस. टी.ने पिशवीतून आलेला नमुना आम्ही तपासला, तर बशीवर तीन तऱ्हेचे जंतू! 'मिश्र वाढ, पुन्हा नमुना पाठवा' असे लिहून द्यावे लागले. त्या बाईची आणखी एका दिवसाची मजुरी बुडाली, याचे आम्हाला आजही वाईट वाटते.

तेव्हा खोकल्याच्या औषधाची धुतलेली शिशी आणू नये. प्रयोगशाळेतून निर्जंतुक डबी मागून घ्यावी. जागा स्वच्छ पाण्याने धुवावी, पहिली धार सोडून द्यावी, मधली डबीत धरावी आणि झाकणाच्या आत बोट लावू नये. नमुना दोन तासांत पोचवावा. ते जमणार नसेल तर बर्फात ठेवून आणावा. जंतुनाशक गोळी सुरू करण्यापूर्वीच नमुना द्यावा. गोळी आधीच घेतली असेल तर तसे चिठ्ठीवर लिहावे. गरोदर स्त्रीने काही त्रास नसला तरी एकदा ही तपासणी करून घ्यावी. तिच्या लघवीत जंतू मुकाट्याने वाढत असू शकतात आणि तिथून ते मूत्रपिंडापर्यंत चढू शकतात.