उसन्या पाण्यावरचा प्रोग्रॅम

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने कोरड्या पडलेल्या लातूरला पाणी आले. त्याच्या तीनच आठवडे आधी प्रोग्रॅमरांचाही एक नळ कोरडा पडला होता. ‘लेफ्ट-पॅड’ ही अवघ्या ११ ओळींची जावास्क्रिप्ट लायब्ररी लेखकाने ‘एनपीएम’ या लायब्ररींच्या ऑनलाइन भांडारातून काढून घेतली आणि तिच्यावर विसंबलेले हजारो प्रकल्प अडले.

लायब्ररी म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड. एक घेतली की तिच्यामागे अनेकदा आणखी दहा येतात. म्हणून नांदेड-लातूरच्या होतकरू प्रोग्रॅमरांनी सुरुवातीपासूनच नेमक्या आवृत्त्या लॉक फाइलमध्ये नोंदवाव्यात, ती फाइल कोडसोबत जपावी, नको त्या लायब्ररी काढून टाकाव्यात. मात्र आवृत्ती गोठवून विसरू नये. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’ या लायब्ररीत गंभीर त्रुटी उघड झाली, तेव्हा जुनी आवृत्ती तशीच ठेवणेच धोक्याचे होते.