माळ्यावरचा रेडिओ आणि त्यातले म्हातारे कंडेन्सर

दिवाळीची झाडलोट निघाली म्हणजे माळ्यावरून काय काय खाली उतरेल याचा नेम नसतो. काळवंडलेल्या समया, आजोबांची छत्री, आणि एखाद्या घरी जुन्या धोतरात गुंडाळलेला, लाकडी पेटीचा, हिरव्या डोळ्याचा रेडिओ! मुले भोवती जमतात. कोणीतरी म्हणते, "लावून तर पाहू!" आणि वायरीचे टोक भिंतीकडे निघते. वाचकहो, नेमका त्याच वेळी तो हात धरावा, एवढ्याचसाठी हा लेखप्रपंच.

हा रेडिओ म्हणजे काही अडगळ नव्हे. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले आणि आमच्या गोंदियाकडच्या धानाच्या मुलखाला आपल्या बोलीजवळचा आवाज मिळाला. १९५२ साली नभोवाणीमंत्री बा. वि. केसकर यांनी सिनेसंगीताला आकाशवाणीवरून जवळजवळ रजा दिली, तेव्हा तीच मंडळी बुधवारी रात्री आठ वाजता काटा सिलोनकडे फिरवून 'बिनाका गीतमाला' ऐकू लागली. १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती आली आणि रुसवा निघाला. रेडिओ बाळगायला तेव्हा परवाना लागे आणि त्याची फी पोस्टात भरावी लागे. इतक्या इतमामाने घरात आलेली ही वस्तू एका खटक्यासरशी जाळून टाकणे बरे नव्हे.

दोष कोणाचा?

रेडिओ बंद पडला की लोक व्हॉल्व्हकडे बोट दाखवतात. बिचारे व्हॉल्व्ह बहुधा निर्दोष असतात. खरा म्हातारा होतो तो कंडेन्सर. पाठ्यपुस्तकात त्याला 'धारित्र' म्हणतात. नाव सुरेख आहे. जो धारण करतो तो. धातूचे दोन पातळ पत्रे आणि मध्ये वीज अडवणारा पडदा, एवढाच त्याचा संसार. १७४५-४६ च्या सुमारास हॉलंडातल्या लायडेन गावी म्युशेनब्रूक यांनी काचेच्या बाटलीत वीज साठवली, ती या घराण्याची मूळपुरुष.

रेडिओत त्याचे काम राइस मिलच्या चाळणीसारखे. गाण्याची थरथरती वीज पुढे जाऊ द्यायची आणि एकाच दिशेने वाहणारी वीज मागे अडवायची. जुन्या सेटात यासाठी मेणात भिजवलेल्या कागदाची गुंडाळी असे. कागदाचा स्वभाव आपण जाणतोच. चार महिने पावसाळी हवेत राहिला की तो ओल धरतो. असे साठ पावसाळे गेले की चाळणीला भोके पडतात.

सर्वांत घातक भोक शेवटच्या व्हॉल्व्हच्या दारातले. उदाहरणार्थ, ई एल ८४ या व्हॉल्व्हच्या जाळीवर उणे सात व्होल्टच्या आसपास दाब लागतो. तिच्या अलीकडे, कंडेन्सरच्या दुसऱ्या बाजूला, शंभराच्या वर व्होल्ट उभे असतात. कंडेन्सर पाझरला की ते व्होल्ट जाळीवर चढतात आणि व्हॉल्व्ह भलताच प्रवाह ओढू लागतो. आधी आवाज घोगरा होतो, मग व्हॉल्व्ह तापतो आणि शेवटी स्पीकरच्या ट्रान्सफॉर्मरची केसाएवढी तार जळते. चहाच्या कपाएवढ्या किमतीच्या वस्तूपायी, आज सहजी न मिळणाऱ्या दोन वस्तू जातात.

दुसरी जात इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरांची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या नळकांड्यांची. त्यांतला रस वर्षानुवर्षांनी सुकतो आणि रेडिओ 'हूंऽऽ' करीत गुणगुणतो. शिवाय त्यांतला ऑक्साइडचा अतिपातळ पडदा विजेच्या दाबावरच टिकतो. सेट वर्षानुवर्षे निजला की पडदा खंगतो. एकदम पूर्ण दाब दिला तर नळकांडे तापते, क्वचित फुटतेही, आणि रेक्टिफायर व्हॉल्व्हला व मोठ्या ट्रान्सफॉर्मरला बरोबर घेऊन जाते.

बदलायचे कसे?

पहिली गोष्ट जिवाची. पूर्वी काही शहरांत एकदिश वीज येत असे, म्हणून ए.सी.-डी.सी. दोन्हींवर चालणारे सेट निघाले. त्यांत मोठा ट्रान्सफॉर्मर नसतो. लोखंडी सांगाडाच थेट घरच्या विजेला जोडलेला असतो. त्याला हात लावणे म्हणजे उघड्या तारेला हात लावणे. इतर सेटांतही वायर काढल्यावर नळकांड्यांत वीज दडून राहते. ती रेझिस्टरमधून उतरवल्यावाचून बोट घालू नये. हे काम जाणत्या कारागिराचे. आपण शेजारी बसून पाहावे.

चांगला कारागीर आधी फोटो काढतो, मग एकेक कंडेन्सर बदलतो, सगळे एकदम उपटीत नाही. कागदीच्या जागी प्लॅस्टिक फिल्मचे कंडेन्सर येतात. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त. ४०० च्या जागी ६३० चालतात. इलेक्ट्रोलिटिकमध्ये अधिक-उणे टोके चुकता कामा नयेत, आणि १६ मायक्रोफॅरडच्या जागी १०० घालण्याचा उदारपणाही नको. तेवढा धक्का रेक्टिफायर व्हॉल्व्हला सोसत नाही. थेट घरच्या विजेवर बसणारा कंडेन्सर त्या कामासाठीच बनवलेला, सुरक्षित जातीचा हवा. अभ्रकाचे आणि चिनीमातीचे कंडेन्सर बहुधा ठणठणीत असतात. त्यांना छेडू नये, नाहीतर स्टेशने जागा सोडतात.

सारे झाल्यावर पहिली वीज साठ वॉटच्या जुन्या, तारेच्या दिव्यातून द्यावी. दिवा क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. भगभगीत पेटून राहिला तर आत अजून दोष आहे. रेडिओ मात्र वाचला!

मग रेडिओ जुना राहिला का?

हा प्रश्न मराठी शिकवणाऱ्याला तरी नवा नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पिढ्यापिढ्यांच्या नकलांत शिरलेले अपपाठ काढले, म्हणून ग्रंथ काही एकनाथांचा झाला नाही. रेडिओच्या बाबतीतही तोच विवेक हवा: बिघडले तेवढे काढावे, बाकीचे जपावे. हौशी कारागीर तर जुन्या कंडेन्सरची पुठ्ठ्याची नळी रिकामी करून नवा आत बसवतात आणि मेणाने बंद करतात. डोळ्यांना जुने, कामाला नवे.

आता त्यावर लागेल काय? मध्यमलहरींची केंद्रे कमी होत चालली आहेत आणि एफ.एम. बहुतेक जुन्या सेटांना कळत नाही. पण पुष्कळ सेटांच्या पाठीला ग्रामोफोन जोडण्याची जागा असते. ट्रान्सफॉर्मरवाला सेट असेल तर कारागिराकडून तेथे मोबाइल जोडून घेता येतो. ए.सी.-डी.सी. सेटात हा खेळ करू नये.

रेडिओ थांबू शकतो. तो साठ वर्षे माळ्यावर थांबलाच आहे. थांबणार नाहीत ते कारागीर. त्यांतले बरेचजण आता साठी-सत्तरीच्या पुढे गेले आहेत. म्हणून यंदा फराळाचे ताट घेऊन त्यांच्याकडे जा, रेडिओ न्या, आणि घरातल्या एका मुलाला त्यांच्या शेजारी बसवा. कंडेन्सर बाजारात मिळतात, ते हात मिळत नाहीत.