अडीच इंच बर्फ आणि एकाच वेळी निघालेलं शहर

२८ जानेवारी २०१४, मंगळवार. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याची राजधानी अटलांटा. सकाळी मुलं नेहमीसारखी शाळेत गेली होती, माणसं कामावर पोचली होती. दुपारच्या सुमारास बर्फ भुरभुरू लागला. बघता बघता रस्ते पांढरे झाले आणि सगळ्यांना एकदमच घराची ओढ लागली. शाळांनी मुलांना सोडलं, कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना सोडलं, सरकारी कार्यालयंही त्याच सुमारास रिकामी झाली. अंधार पडेपर्यंत शहराभोवतीचे महामार्ग गच्च भरून जागच्या जागी थांबले होते. एरवी तासाभरात घरी पोचणाऱ्यांना दहा-दहा, पंधरा-पंधरा तास लागले. कित्येकांनी तर ती रात्र गाडीतच काढली.

विमानतळावर नोंदला गेलेला बर्फ होता २.६ इंच, म्हणजे साधारण साडेसहा सेंटिमीटर.

हा आकडा ऐकून अमेरिकेच्या उत्तरेकडचे लोक हसले. एवढ्या बर्फात तिथे कुणी शाळाही बंद करत नाही. पण ते हसणं अन्यायाचं होतं. अटलांटात वर्षभरात सरासरी दोन-तीन इंच बर्फ पडतो आणि काही हिवाळे तर अगदी कोरडे जातात. बर्फासाठीचे खास टायर तिथे कुणी विकत घेत नाही. बर्फावर गाडी कशी चालवायची, ब्रेक किती हलक्या पायाने दाबायचा, हे तिथल्या बहुतेकांना शिकायची वेळच आलेली नसते. त्यात हा सगळा मुलूख चढउतारांचा आहे. मोठे डोंगर नाहीत, पण सपाट रस्ताही फार काळ सापडत नाही.

शिवाय तिथल्या बर्फाची जातच वेगळी. कडाक्याच्या थंडीच्या प्रदेशात बर्फ कोरडा, पिठासारखा पडतो. नांगर लावलेला ट्रक आला की बाजूला सारता येतो. अटलांटात पारा शून्याच्या आसपास घोटाळत असतो. पहिले कण रस्त्यावर पडतात, हजारो चाकांखाली चिरडले जातात आणि वितळतात. मग तापमान आणखी उतरतं आणि तेच पाणी पुन्हा गोठतं. रस्त्यावर काचेसारखा पातळ, कडक थर तयार होतो. तो नांगराने निघत नाही, त्याला मीठ लागतं. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो आणि थर सुटतो. पण मीठ वेळेवर पडायला हवं, आणि त्या दिवशी मीठ टाकणारे ट्रक स्वतःच कोंडीत अडकले होते. पुढे जायला जागा नाही म्हणून मीठ पडत नाही, मीठ पडत नाही म्हणून गाड्या हलत नाहीत, आणि गाड्या हलत नाहीत म्हणून ट्रकला जागा मिळत नाही.

यातच अवजड ट्रकची भर पडली. अटलांटाला वेढा घालणारा आय-२८५ नावाचा वर्तुळाकार महामार्ग आहे. लोक त्याला 'पेरिमीटर' म्हणतात. शहराच्या पोटातून जाणारे महामार्ग लांबच्या प्रवासाच्या अवजड ट्रकना बंद आहेत, त्यामुळे ही सगळी मालवाहतूक या वर्तुळावरूनच वळते. निसरड्या चढावर असा एखादा ट्रक घसरला की मागचा डबा फिरतो आणि ट्रक घडीच्या चाकूसारखा दुमडून रस्ताभर आडवा होतो. असे एकामागून एक ट्रक आडवे झाले. मागे अडकलेल्या गाड्यांतलं पेट्रोल संपत गेलं, फोनची बॅटरी उतरत गेली. आल्फारेटा, जॉन्स क्रीक ही उत्तरेकडची उपनगरं, जिथे अनेक भारतीय आणि त्यांत मराठी कुटुंबंही राहतात, तिकडे जाणाऱ्यांचा रस्ताही याच कोंडीला भिडणारा.

मग चूक कुणाची? हवामान खात्याने इशारा दिला नव्हता, असं म्हणता येत नाही. सोमवारपर्यंतच्या अंदाजात बर्फाचा मुख्य जोर शहराच्या दक्षिणेला दाखवला होता, हे खरं. पण मंगळवारी पहाटे पावणेचारच्या आधीच राष्ट्रीय हवामान सेवेने अटलांटासाठी हिमवादळाचा थेट इशारा दिला. तेव्हा शहर झोपेत होतं. शाळा उघडायची की नाही हा निर्णय आदल्या दिवशीच होऊन गेला होता आणि पहाटे तो बदलला गेला नाही. राज्यपाल नेथन डील यांनी सुरुवातीला हे वादळ अनपेक्षित असल्याचं म्हटलं. त्यावर हवामानतज्ज्ञांनी जाहीरपणे आक्षेप घेतला आणि पुढे डील यांना माफी मागावी लागली. महापौर कासिम रीड यांनीही मान्य केलं, की सगळ्यांना एकाच वेळी सोडणं चुकलं. टप्प्याटप्प्याने सोडायला हवं होतं.

पण टप्पे ठरवणार कोण? हा या घटनेतला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. 'अटलांटा' म्हणून जग ज्या महानगराला ओळखतं, तिथे तेव्हा सुमारे ५५ लाख लोक राहत होते. महापौरांच्या हद्दीतल्या मूळ शहरात त्यातले साडेचार लाखच. बाकीचे डझनावारी काउंट्यांत, म्हणजे जिल्ह्यांत, आणि छोट्या नगरांत विखुरलेले. जॉर्जिया राज्यात काउंट्या आहेत १५९. शाळांचा निर्णय प्रत्येक शिक्षण मंडळ आपापला घेतं. महामार्ग राज्याचे, गल्ल्या नगरांच्या. २०११ च्या बर्फात शहर कित्येक दिवस ठप्प झालं होतं, त्यानंतर महापालिकेने नांगर आणि मीठ टाकणारी यंत्रं वाढवलीही होती. पण लोक अडकले ते मुख्यतः महामार्गांवर, जे महापौरांच्या ताब्यातच नव्हते. मंगळवारी दुपारी कुणीही मूर्खपणा केला नव्हता. मुख्याध्यापकांना मुलांची काळजी होती, कंपनीला माणसांची, आईबापांना शाळेत थांबलेल्या लेकरांची. प्रत्येकाचा निर्णय शहाणपणाचा होता, आणि ते सगळे निर्णय एकाच दोन तासांत होऊन त्याच रस्त्यांवर उतरले.

मराठी वाचकाला इथे २६ जुलै २००५ ची मुंबई आठवेल. तीही दुपारी घरी निघालेल्या लोकांची, रात्रभर चालण्याची आणि परक्यांच्या घरी थांबण्याची गोष्ट. पण सांताक्रूझला त्या दिवशी २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला होता. तो आभाळाचाच कहर होता. अटलांटात आभाळाने फारसं काही केलं नव्हतं.

रात्र मात्र फार लांबली. बसमधून परत शाळेत आणलेली मुलं व्यायामशाळेच्या फरशीवर झोपली. शिक्षक घरी न जाता त्यांच्याजवळ थांबले आणि स्वयंपाकघरात जे होतं त्यातून त्यांना खाऊ घातलं. शेजारच्या अलाबामा राज्याचीही तीच गत होती. दोन्ही राज्यांत मिळून हजारो विद्यार्थी त्या रात्री शाळेतच राहिले. काही मुलं तर बसमध्येच अडकली होती. त्यांना सोडवायला नॅशनल गार्डचे जवान पाठवावे लागले. आय-२८५ वर, थांबलेल्या गाडीत, एका बाईने मुलीला जन्म दिला. बाळंतपण केलं ते वडिलांनी आणि वाट काढत तिथवर पोचलेल्या एका पोलिसाने. अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये एका मेंदूच्या शल्यविशारदाची गाडी बंद रस्त्यात अडली, तेव्हा तो रुग्णालयातलेच कपडे अंगावर असताना बर्फातून कित्येक मैल चालत गेला आणि त्याने तातडीची शस्त्रक्रिया केली. तो रुग्ण वाचला.

लोकांनी एकमेकांना ज्या रीतीने सांभाळलं, ते खरोखर वाखाणण्यासारखं होतं. घरदुरुस्तीचं सामान विकणाऱ्या 'होम डेपो'च्या दुकानांनी दारं उघडी ठेवली आणि फळ्या, रंगाचे डबे, बागेच्या खुर्च्या यांच्यामध्ये लोकांनी अंग टाकलं. औषधांच्या आणि किराणा दुकानांतही माणसं रांगांच्या मधल्या जागेत झोपली. महामार्गालगत राहणारे लोक थर्मासमध्ये कॉफी आणि हातात सँडविच घेऊन गाड्यांच्या काचांवर टकटक करत फिरले. फेसबुकवर एका बाईंनी सुरू केलेल्या गटात काही तासांत हजारो लोक जमले: कोण कुठे अडकलंय, कुणाला इन्सुलिन हवंय, कुणाच्या घरी दोन माणसांची सोय होईल. प्रशासनाकडे अशी यादीच नव्हती.

बुधवारी संध्याकाळपर्यंत मुलं घरी पोचली. गुरुवारी लोक आपापल्या गाड्या शोधायला निघाले, तेव्हा दोन हजारांहून अधिक गाड्या रस्त्याकडेला बेवारस उभ्या होत्या.

या सगळ्यात खरं दुःख वाटतं ते एका गोष्टीचं: हे पहिल्यांदा घडत नव्हतं. १२ जानेवारी १९८२ रोजी अटलांटात हेच झालं होतं. दुपारी बर्फ, एकाच वेळी सुटलेली कार्यालयं, निसरडे चढ, सोडून दिलेल्या गाड्या. लोकांनी त्याला 'स्नो जॅम' हे नावही दिलं होतं. बत्तीस वर्षांत महानगर कितीतरी पट पसरलं, घरं कामाच्या जागेपासून आणखी लांब गेली, पण दुपारी बर्फ आला तर कुणी आधी निघायचं याची योजना झाली नाही.

२०१४ नंतर मात्र धडा घेतला गेला, आणि तोही लगेच. दोनच आठवड्यांत, ११ ते १३ फेब्रुवारीला, त्या बर्फाहून घातक, पडताच गोठणारा पाऊस आला. तारा तुटून लाखो घरांची वीज गेली. पण राज्यपालांनी आणीबाणी आधीच जाहीर केली होती, शाळा आणि कार्यालयं उघडलीच नव्हती, आणि महामार्ग ओस पडले होते. जानेवारी २०२५ मध्ये शहरात पुन्हा दोनेक इंच बर्फ पडला, तेव्हाही शाळेत भरणारे वर्ग आधीच रद्द झाले होते.

रस्त्याला पर्याय देण्याचं काम तेवढं पुढे गेलं नाही. त्या मंगळवारी महामार्ग गोठले तरी 'मार्टा' या सार्वजनिक वाहतूक संस्थेची रेल्वे धावत होती. पण ती जाते कुठवर? महानगरातल्या कॉब काउंटीच्या मतदारांनी मार्टा १९६५ मध्येच नाकारली. १९७१ मध्ये ग्विनेट आणि क्लेटन या काउंट्यांनी नाकारली. गोऱ्या उपनगरांना शहरातल्या काळ्या वस्तीशी जोडणारी गाडी नको होती, हे त्यामागचं एक मोठं कारण अमेरिकी अभ्यासकांनी वारंवार नोंदवलं आहे. जुलै २०१२ मध्ये, म्हणजे बर्फाच्या दीड वर्ष आधी, वाहतुकीसाठी एक टक्का विक्रीकर लावण्याचा प्रस्ताव महानगराने मतपेटीतून फेटाळला होता. क्लेटनने नोव्हेंबर २०१४ मध्ये कौल बदलला आणि ती मार्टात आली. ग्विनेटने २०१९ मध्ये पुन्हा नकार दिला. नोव्हेंबर २०२४ मध्ये कॉब आणि ग्विनेट या दोन्ही काउंट्यांसमोर सार्वजनिक वाहतुकीसाठी कर लावण्याचे प्रस्ताव आले, आणि दोन्हीकडे मतदारांनी ते नामंजूर केले.