चाकोरीतली भेग

मार्चमधली सकाळ. ठाण्यातल्या एका बसथांब्यावर बसची वाट पाहता पाहता सहज खाली नजर गेली. अवजड गाड्यांची चाकं रोज जिथून जातात त्या पट्ट्यात, म्हणजे अक्षरशः चाकोरीत, केसाएवढी एक भेग रस्त्याच्या लांबीने गेली होती. तिच्या शेजारी दुसरी होती. दोघींना जोडणाऱ्या आडव्या भेगांमुळे तळहाताएवढे वेडेवाकडे तुकडे पडले होते. मगरीची पाठ असते तसे. पावसाला अजून तीन महिने होते आणि खड्डा एकही नव्हता. रस्ता मात्र मेलेला होता.

आपण खड्ड्यांचं खापर पावसावर फोडतो. पाऊस येतो तो शेवटच्या अंकात. नाटक त्याच्या कितीतरी आधी, डांबरी थराच्या तळाशी सुरू झालेलं असतं. चाक वरून गेलं की हा थर कणभर खाली वाकतो. वरचा भाग दाबला जातो, तळ ताणला जातो. चाक गेलं की थर पूर्ववत होतो. बादलीच्या कडीची तार एकदा वाकवून तुटत नाही, पण वाकवत राहिलं की तुटते. प्रशियाच्या रेल्वेतला ऑगस्ट व्होलर हा इंजिनिअर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात गाड्यांच्या लोखंडी आसांवर हेच तपासत होता. डांबरी रस्त्याचंही तसंच. भेग तळाशी जन्मते आणि वर सरकते. आपल्याला दिसते तेव्हा ती थर ओलांडून आलेली असते.

किती गाड्या गेल्या यापेक्षा किती जड गेल्या, हा खरा प्रश्न. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ 1958 ते 1960 या काळात खास बांधलेल्या रस्त्यांवर सैनिकांनी रोज तासन्‌तास ट्रक फिरवले. त्यातून एक ढोबळ नियम निघाला: आसावरचं वजन दुप्पट झालं की रस्त्याचं नुकसान सोळापट होतं. आपल्याकडे हिशेबाचं माप 8.16 टनांचा आस. मोटारीच्या आसावर 600 किलो धरले, तर अशा एका आसाएवढं नुकसान करायला मोटारीचा आस तीस हजारांहून जास्त वेळा जावा लागेल. म्हणूनच इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी 37 या संहितेत तीन टनांखालची वाहनं आराखड्यात मोजतच नाहीत. खड्ड्यात आपटणारा दुचाकीवाला खड्डा पाडणाऱ्यांच्या यादीत नसतो. 2018 च्या पावसाळ्यात कल्याणमध्ये खड्ड्यांनी माणसं मारली, तेव्हा हा विरोधाभास फार जवळून दिसला.

आणि आपला मुलूख म्हणजे जड आसांची पेठच. न्हावाशेवा बंदराचे कंटेनर कळंबोली, शीळफाटा, मुंब्रा बायपास असे येतात. काही भिवंडीच्या गोदामांकडे वळतात, काही घोडबंदर रोडने गुजरातकडे जातात. 2018 मध्येच मुंब्रा बायपास दुरुस्तीसाठी काही महिने बंद राहिला आणि तो सगळा भार शेजारच्या शहरांतल्या रस्त्यांवर आला. त्याच वर्षी केंद्राने चार टायरच्या आसाची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टन केली. ऐकायला 1.3 टनांची वाढ, पण वरच्या नियमाने नुकसान सुमारे 1.6 पट. त्यात आपली वाहतूक कोंडी. डांबरावर भार जितका रेंगाळतो तितकं ते मऊ वागतं, त्यामुळे गायमुखच्या चढावर रांगत जाणारा ट्रक रस्त्याला धावत्या ट्रकपेक्षा जड जातो.

आराखडा करताना म्हणूनच डांबरी थराच्या तळाशी पडणारा ताण आधी काढतात. आयआरसी 37 च्या 2018 च्या आवृत्तीनुसार रस्त्याच्या 20 टक्के भागावर अशा जाळीदार भेगा आल्या की तो थकून निकामी झाला असं धरायचं. शहरी रस्त्याचा आराखडा करायचा 20 वर्षांसाठी. (वीस! डोंबिवलीत हे मोठ्याने वाचू नये.) संहितेतल्या सूत्राने ताण 20 टक्क्यांनी वाढला की आयुष्य जवळजवळ निम्मं होतं. थर थोडा जाड केला, तळाला डांबर किंचित जास्त ठेवलं, पोकळ्या कमी ठेवल्या, तर वर्षं वाढतात. पण पोकळ्या कमी होतात त्या रोलरखाली, आणि तेही डांबर-खडीचा माल गरम असेतोवर. मालाचा डंपर कोंडीत अडकला की माल निवतो. मग रोलर कितीही फिरवा, वरून रस्ता गुळगुळीत दिसतो आणि आत भुसभुशीत राहतो.

जूनमध्ये त्याच थांब्यावर पाहिलं. बस येऊन टेकली की भेगांतून पांढरट गाळ पिचकारीसारखा वर येत होता. खालच्या खडीच्या थरातली बारीक भुकटी होती ती, पाण्याबरोबर उपसली जाणारी. खालचा आधारच पोकळ होत होता. जुलैत खड्डा पडला. गणपतीआधी त्यावर डांबराचा नवा पातळ थर चढला, काळाभोर आणि चकचकीत. खालच्या भेगा होत्या तशाच राहिल्या. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा वाकून पाहिलं. नव्या थरावर, जुन्याच जागी, केसाएवढी रेघ उमटली होती.