मोटार भरायला टाकली साडेसहा हजारांत, बिल आलं चौदा हजारांचं. आता काय करायचं?



उन्हाळा लागला, त्यात लाईटचा खेळ चालूच. एक फेज गेला की सबमर्सिबल जळते, गडी लावून ती बोअरमधून काढायची आणि पुण्यात भरायला टाकायची. मग या दिवसांत कार्यालयात तक्रार येते, "सांगितलं एक अन् लावलं दुसरंच." म्हणून आज खत-फवारणी बाजूला ठेवून बिलाबद्दल.

आधी मिस्त्रीची बाजू. वायंडिंग जळलंय हे बाहेरून तपासून कळतं. पण बुश, थ्रस्ट बेअरिंग, शाफ्टची झीज किंवा रोटर घासलाय का, हे मोटार उघडल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. त्यामुळे अंदाजापेक्षा थोडं जास्त बिल आलं म्हणजे लगेच फसवणूक झाली असं नाही. खरा प्रश्न वेगळा आहे. जास्तीचं काम निघाल्यावर त्याने तुम्हाला फोन केला का? १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे ठरलेली गोष्ट एकट्याच्या मर्जीने बदलत नाही, दोघांची संमती लागते. पण त्याच कायद्यात हेही आहे की, कुणी फुकट करायचं नाही म्हणून केलेल्या कामाचा फायदा तुम्ही घेतलात, तर तो वाजवी मोबदला मागू शकतो. म्हणून "साडेसहाच्या वर एक रुपया देणार नाही" हे भांडण टिकत नाही. बिल फोडून बघावं लागतं.

समजा अंदाज होता ६,५०० रुपये. बिल असं आलं: वायंडिंग ७,८००, बेअरिंग-बुश २,९००, स्टार्टर दुरुस्ती १,५००, त्यावर जीएसटी २,१९६. एकूण १४,३९६.

वायंडिंग हे तर ठरलेलंच काम. त्यात वाढलेले १,३०० नामंजूर. बेअरिंग-बुश आधी ठरलं नव्हतं, पण जुने पार्ट दाखवा म्हणायचं. झिजलेले दिसले आणि भाव पटला तर द्यायचे. भावासाठी तपकीर गल्लीत दोन दुकानांत चौकशी करा, दहा मिनिटांचं काम आहे. स्टार्टर तुम्ही दिलाच नव्हता तर १,५०० कशाचे? ते नामंजूर. आणि जीएसटी लावलाय तर बिलावर १५ अंकी-अक्षरी नंबर बघा, महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो. नोंदणी नसलेल्या दुकानदाराला जीएसटी घेताच येत नाही. म्हणजे नंबर नसेल तर मान्य रक्कम ९,४०० आणि वाद ४,९९६ चा. नंबर खरा असेल तर मान्य रकमेवरचा १८ टक्के कर, म्हणजे १,६९२, द्यावा लागेल.

आणखी एक गोष्ट बहुतेकजण सोडून देतात, ती म्हणजे जुनं तांबं. जळालेली तार भंगारात किलोवर विकली जाते. ती तुमची आहे. परत मागा, नाहीतर बिलातून वजा करायला लावा.

बोलायला फोनवर नको, दिवसा स्वतः जा. "लुटता का" म्हणून सुरुवात केली की समोरचा हट्टाला पेटतो. एकेका ओळीवर बोट ठेवून "हे कधी ठरलं होतं?" एवढंच विचारा. माझा अनुभव असा की अर्धी बिलं इथेच खाली येतात.

नाही आली तर अडचण खरी. तो म्हणतो पैसे द्या, मग मोटार न्या. आणि इकडे भाजीपाला सुकतोय. दादांनो, इथे मोटार ओढून आणायला जाऊ नका. दुरुस्तीचे योग्य पैसे मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवायचा हक्क कायद्याने कारागिराला आहे (करार कायदा, कलम १७०). ती विकायचा हक्क मात्र त्याला नाही. पीक वाचवायचं असेल तर पैसे भरून मोटार आणा, पण हरकत नोंदवून. बिलाच्या दोन्ही प्रतींवर लिहा आणि लगेच त्याच्या व्हॉट्सॲपवरही पाठवा:

"बिलातील ४,९९६ रुपये मला मान्य नाहीत. आधी ठरले नव्हते. पिकाला पाणी देणे तातडीचे असल्याने मोटार सोडवण्यासाठी हरकत राखून रक्कम देत आहे."

पैसे रोख देऊ नका, फोन-पे किंवा चेकने द्या. पक्कं बिल मागा. बिल न देणं हीसुद्धा ग्राहक कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे.

त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार नोंदवा. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, मुदत २ वर्षं, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. "शेतकरी धंदा करतो, तो ग्राहक नाही" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. सदोष बियाण्याच्या प्रकरणात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेतकऱ्याला ग्राहक मानलंय, आणि पोटापाण्यासाठी स्वतः राबणाऱ्याला कायद्यातही सूट आहे. ग्राहक पंचायतीची चळवळसुद्धा आपल्या पुण्यातच १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी सुरू केली. तरी स्पष्ट सांगतो, पाच हजारांसाठी तारखांना हेलपाटे घालण्याआधी स्पीड पोस्टाने एक नोटीस पाठवून बघा.

बोअरच्या गाडीचंही असंच. ठराविक खोलीनंतर फुटाचा दर वाढतो, केसिंग वेगळं लागतं. दोन्ही आधी लिहून घ्या. रॉडची लांबी विचारून ठेवा आणि खाली जाणारे रॉड स्वतः मोजा.

पुढच्या वेळी मोटार टाकतानाच मिस्त्रीला हा मेसेज करा: "५ एचपी मोटार भरायला दिली. अंदाज ६,५००, जीएसटी धरून. जास्तीचं काम निघालं तर आधी फोटो पाठवा, मी हो म्हटल्यावरच करा. जुने पार्ट व तांबं परत हवं." त्याचं "ओके" आलं की स्क्रीनशॉट जपून ठेवा.

कुणाचं असं बिल अडकलं असेल तर फोटो कार्यालयाच्या नंबरवर पाठवा. दुकानदाराचं नाव घालून ग्रुपवर टाकू नका, उलट बदनामीची नोटीस तुम्हालाच यायची. आणि भरून आलेली मोटार बोअरमध्ये सोडण्याआधी स्टार्टरमधला सिंगल फेज प्रिव्हेंटर चालू आहे ना ते वायरमनकडून बघून घ्या. बऱ्याच ठिकाणी तो बायपास केलेला असतो.

– कृषी सल्ला विभाग, आपली शेतकरी उत्पादक कंपनी