हाशिमा: समुद्राखालच्या खाणीचे अवशेष

जपानमधील नागासाकी बंदरापासून सुमारे १८ किलोमीटरवर असलेले हाशिमा हे बेट अवघे ६.३ हेक्टरांचे आहे. १८९० साली मित्सुबिशी कंपनीने ते विकत घेतले आणि १९७४ पर्यंत तिथे समुद्रतळाखालून सुमारे १ कोटी ५७ लाख टन कोळसा काढला. तो उत्तम प्रतीचा, पोलादाच्या भट्ट्यांना लागणारा कोळसा होता. १९५९ साली या चिमुकल्या बेटावर ५,२५९ माणसे राहत होती. जानेवारी १९७४ मध्ये खाण बंद झाली आणि एप्रिलपर्यंत बेट ओस पडले.

खाणीचे वर फार थोडे उरले आहे. कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्याचे खांब, एक विटांची भिंत आणि शाफ्टकडे नेणारा जिना. या जिन्यानेच कामगार पाळीवर जात. पिंजरा त्यांना ६०० मीटर खाली सोडी आणि तिथून तिरक्या बोगद्यांतून ते आणखी खोल उतरत. खाली तापमान ३० अंश, आर्द्रता ९५ टक्के आणि सतत मिथेनचा धोका असे. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के झाला, की एक ठिणगीही स्फोटाला पुरते. प्रत्यक्ष खाणीत आता कोणालाही उतरता येत नाही.

अभ्यासकांना जास्त खुणावते ते वरचे काँक्रीट. १९१६ साली इथे बांधलेली सात मजली चाळ ही जपानमधील पहिली सळईयुक्त काँक्रीटची निवासी इमारत मानली जाते. चांगले काँक्रीट अल्कधर्मी असते, त्यामुळे आतल्या सळईवर ऑक्साइडचा पातळ, संरक्षक थर टिकून राहतो. समुद्राच्या तुषारांतील क्लोराइड झिरपत आत पोहोचले, की हा थर फुटतो आणि सळई गंजू लागते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. त्या दाबाने काँक्रीटला तडे जातात, ढलपे पडतात आणि उघड्या सळईवर खारा वारा आणखी वेगाने काम करतो. २०२० मध्ये या चाळीचा काही भाग कोसळला.

२००९ पासून पर्यटकांना बेटावर ठरावीक वाटेनेच फिरता येते. २०१५ मध्ये मेइजी काळातील औद्योगिक स्थळांसोबत हाशिमा युनेस्कोच्या यादीत आले. दुसऱ्या महायुद्धात कोरियन आणि चिनी माणसांना या खाणीत सक्तीने राबवले गेले, तोही याच अवशेषांचा इतिहास आहे. सक्तीने आणलेल्या कामगारांची माहिती पुरेशी दिली जात नसल्याबद्दल जागतिक वारसा समितीने २०२१ मध्ये तीव्र खेद व्यक्त केला.